उंदराच्या वृषणातून प्रयोगशाळेत शुक्राणू वाढवताना: ॲगारोजच्या ठोकळ्यावरची पद्धत, पायरीपायरीने

दोन दिवसांच्या उंदराच्या पिल्लाचं वृषण तिळाएवढं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर दुधी काचेसारखं अर्धपारदर्शक दिसतं आणि त्याच्या पातळ आवरणाखाली नळ्यांची वेटोळी जेमतेम ओळखू येतात. या तिळात अजून एकही शुक्राणू नसतो. शुक्राणू होण्याच्या वाटेवर निघालेली पेशीही नसते. असतात त्या फक्त आदिजनन पेशी, नळ्यांच्या मधोमध निवांत बसलेल्या. हा तिळाएवढा तुकडा आईच्या दुधावर वाढणाऱ्या पिल्लातून काढून प्लास्टिकच्या प्लेटमध्ये ठेवायचा आणि पाच-सहा आठवड्यांनी त्यातून आकड्यासारख्या डोक्याचे, शेपटीवाले शुक्राणू बाहेर काढायचे, ही गोष्ट २०११ पर्यंत कुणालाही जमली नव्हती.

जमवली ती जपानच्या योकोहामा सिटी युनिव्हर्सिटीतल्या ताकेहिको ओगावा यांच्या गटाने. ताकुया सातो पहिले लेखक असलेला त्यांचा शोधनिबंध मार्च २०११ मध्ये 'नेचर'मध्ये आला. रिकेन संस्थेतल्या अत्सुओ ओगुरा यांच्या गटाने प्लेटमध्ये वाढलेल्या त्या शुक्राणूंचं बीजांडात रोपण केलं, पिल्लं जन्मली, मोठी झाली आणि त्यांनाही पिल्लं झाली. पद्धत ऐकायला इतकी साधी आहे की एमएस्सीची मुलं पहिल्यांदा ऐकताना विचारतात, "मॅडम, एवढंच?" हो, साहित्य एवढंच. पण या 'एवढंच'मध्ये सात-आठ जागा अशा आहेत की तिथे हात चुकला तर सहा आठवडे वाया जातात. मी प्रामुख्याने त्या जागांबद्दलच लिहिणार आहे.

आधी एक कायद्याची गोष्ट. भारतात प्राण्यांवरचा कोणताही प्रयोग सीसीएसईए या प्राणिप्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीकडे नोंदणी असलेल्या संस्थेतच आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या लेखी मंजुरीनंतरच करता येतो. जनुकीय बदल केलेले उंदीर वापरणार असाल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचीही परवानगी लागते. अर्ज भरताना किती पिल्लं लागतील हे नीट मोजून लिहा. एका पिल्लाच्या दोन वृषणांतून आठ ते सोळा तुकडे निघतात, त्यामुळे खरोखर फार पिल्लं लागत नाहीत. हा हिशेब मांडला की अर्ज मंजूर व्हायला मदत होते आणि विनाकारण जीव जात नाहीत, जे जास्त महत्त्वाचं आहे.

पेशी सुट्या का करायच्या नाहीत

ऊतिसंवर्धन शिकलेल्या माणसाचा हात सवयीने ट्रिप्सिनकडे जातो. ऊती विरघळवायची, पेशी सुट्या करायच्या, प्लेटवर पसरायच्या. इथे नेमकं तेच करायचं नाही.

शुक्राणू एकटा वाढत नाही. शुक्रोत्पादक नळीच्या भिंतीत सर्टोली पेशी उभ्या असतात, पायथ्यापासून थेट पोकळीपर्यंत. जननपेशी त्यांच्या कुशीत वाढतात आणि वाढत वाढत आतल्या बाजूला सरकतात. सर्टोली पेशींचे एकमेकींशी घट्ट जोड असतात आणि त्या जोडांमुळे रक्त व शुक्रनळीचा आतला भाग यांच्यात एक आडपडदा तयार होतो. अर्धगुणसूत्री विभाजन या पडद्याच्या आड चालतं. नळ्यांच्या बाहेर लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. शिवाय एकाच पेशीपासून झालेल्या जननपेशी पेशीद्रव्याच्या पुलांनी एकमेकींना जोडलेल्याच राहतात, एखाद्या गाठोड्यासारख्या एकत्र पुढे जातात. ट्रिप्सिन टाकलं की हे घर, पडदा, पूल सगळं एका झटक्यात मोडतं. म्हणून आपण घर आहे तसं उचलून आणायचं आणि ते जगेल अशी सोय करायची.

अडचण अशी की ऊतीचा अख्खा तुकडा जिवंत ठेवणं कठीण असतं. शरीरात प्रत्येक पेशीच्या जवळून केशवाहिनी जाते. तुकडा कापला की रक्त थांबतं, आणि प्राणवायू फक्त पृष्ठभागावरून झिरपत आत जातो, तोही काही दशांश मिलिमीटरच. त्यात तुकडा द्रवात बुडवलेला असेल तर आणखी पंचाईत, कारण पाण्यात विरघळलेला प्राणवायू हवेतल्या प्राणवायूच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतकाच असतो. म्हणून तुकडा द्रव आणि हवा यांच्या सीमेवर ठेवायचा: खालून अन्न, वरून हवा. ही कल्पना ट्रॉवेल यांनी १९५० च्या दशकात धातूच्या जाळीवर ऊती ठेवून वापरली होती. १९६०च्या दशकात ॲना आणि एमिल स्टाइनबर्गर या दांपत्याने घुशीच्या कुळातल्या पांढऱ्या उंदरांची, म्हणजे रॅटची वृषणं अशीच वाढवली, पण पेशी अर्धगुणसूत्री विभाजनाच्या मध्यावर, पॅकिटीन अवस्थेपाशी अडकून पडल्या. पुढची चाळीसेक वर्षं गाडी तिथेच होती.

ओगावांच्या गटाने जाळीऐवजी ॲगारोजचा, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाचा, ठोकळा घेतला आणि मुख्य म्हणजे मीडियममधला, म्हणजे ऊतीला पोसणाऱ्या द्रवातला, एक घटक बदलला. त्या घटकाकडे आपण येऊच.

उंदीर कोणते, वय किती

जन्मापासून साधारण पाच दिवसांपर्यंतची पिल्लं घ्या. मी दोन-तीन दिवसांची पसंत करते. यामागे दोन कारणं आहेत. या वयाची ऊती लवचीक असते, शस्त्रक्रिया आणि नवं वातावरण सहन करते. प्रौढ वृषणाचे तुकडे याच पद्धतीत भराभर खालावतात. दुसरं कारण पुराव्याचं आहे. दोन दिवसांच्या वृषणात आदिजनन पेशींच्या पुढची एकही जननपेशी नसते, त्यामुळे सहा आठवड्यांनी तुम्हाला शुक्राणू दिसला तर तो शंभर टक्के प्लेटमध्येच जन्मलेला असतो. प्रौढ वृषणाच्या तुकड्यात दिसलेला शुक्राणू आधीपासूनचा की नवा, हा वाद मिटत नाही.

साध्या जातीचे उंदीर चालतात, पण शिकताना चमकणारे उंदीर मिळाले तर फार सोय होते. ॲक्र-जीएफपी उंदरांत ॲक्रोसिन जनुकाच्या नियंत्रणाखाली हिरवं चमकणारं प्रथिन बनतं. ते पॅकिटीन अवस्थेपासून दिसू लागतं आणि पुढे शुक्राणूच्या टोपीत, म्हणजे ॲक्रोसोममध्ये साठतं. जीएसजी२-जीएफपी उंदरांत चमक त्याहून उशिरा, एकगुणित, म्हणजे निम्मी गुणसूत्रं असलेल्या, पेशी तयार झाल्यावर येते. त्यामुळे ऊती कापून न बघता, प्लेट बाहेरूनच पाहून काम कुठवर आलं आहे हे कळतं. साधे उंदीर असतील तर दर आठवड्याला एखादा तुकडा कापून पाहावा लागतो, म्हणून सुरुवातीलाच तुकडे जास्त लावा.

मीडियम

आधार अल्फा-एमईएम, हे पेशी वाढवण्यासाठीचं तयार मिळणारं पोषक मिश्रण. पावडर पाण्यात विरघळवून लिटरमागे २.२ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट घाला आणि सामू ७.२ ते ७.४ च्या आसपास आणा. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नेहमीच्या प्रमाणात.

आता तो घटक. पेशी वाढवायच्या म्हटलं की आपण गाईच्या गर्भाचं सीरम, एफबीएस, घालतो. इथे एफबीएसवर तुकडे जिवंत राहतात, नळ्या छान दिसतात, पण जननपेशी पुढे सरकत नाहीत. सातो आणि सहकाऱ्यांनी त्याऐवजी 'नॉकआउट सीरम रिप्लेसमेंट', केएसआर, १०% घातलं आणि एकगुणित पेशी दिसू लागल्या. केएसआर हे मुळात मूलपेशी वाढवण्यासाठी बनवलेलं मिश्रण. त्यातलं नक्की काय उपयोगी पडतं, याचा शोध घेताना ते ॲल्ब्युमॅक्सपर्यंत पोचले. ॲल्ब्युमॅक्स म्हणजे मेदघटकांनी भरलेलं गाईचं अल्ब्युमिन. मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम ॲल्ब्युमॅक्स घातलं तर केएसआरशिवायही काम होतं. पुढे त्याच गटाने ठरावीक रासायनिक घटकांपासून बनवलेल्या मीडियमवर काम केलं आणि त्यात लायसोफॉस्फोलिपिडं व प्राणवायूच्या माऱ्यापासून वाचवणारी जीवनसत्त्वं महत्त्वाची ठरली. शिकणाऱ्याने मात्र १०% केएसआर किंवा ॲल्ब्युमॅक्स यांपैकी एक निवडावं आणि त्यावर हात बसेपर्यंत बदलू नये.

केएसआर आणलं की लगेच छोट्या नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका. ॲल्ब्युमॅक्स विरघळवताना मुलं एक चूक हमखास करतात: बाटली जोरजोरात हलवतात. साबणासारखा फेस येतो आणि प्रथिनं त्या फेसात अडकून बिघडतात. १०० मिली मीडियमवर ४ ग्रॅम भुकटी नुसती भुरभुरा, झाकण लावा आणि बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून द्या. सकाळपर्यंत ती आपसूक खाली बसून विरघळते. मग ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. द्रव दाट असल्याने गाळणी तुंबते, तेव्हा आधी मोठ्या छिद्राच्या गाळणीतून एकदा काढून घ्या.

एक मात्र आवर्जून करा. ॲल्ब्युमॅक्सच्या प्रत्येक उत्पादन-खेपेचा गुण सारखा नसतो. एका खेपेवर हिरवे ठिपके भरून येतात, दुसरीवर अगदी तुरळक. नवी खेप आली की जुनी संपायच्या आत दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहा आणि बाटलीवरचा खेप-क्रमांक वहीत लिहा. चांगली खेप सापडली की त्याच क्रमांकाचा साठा मागवून ठेवा.

ॲगारोजचे ठोकळे

१०० मिली शुद्ध पाण्यात १.५ ग्रॅम ॲगारोज घालून ऑटोक्लेव्ह करा. त्यातच ते वितळतं आणि निर्जंतुकही होतं. गरम असतानाच लॅमिनार फ्लोमध्ये १० सेंटिमीटरच्या पेट्री डिशमध्ये सुमारे ३० मिली ओता. थंड झाल्यावर ५ मिलिमीटर जाडीचा थर मिळतो. निर्जंतुक पात्याने त्याच्या वड्या पाडा, १० मिलिमीटर लांब-रुंद. नारळाच्या वड्या पाडतो तसंच. पातं सरळ खाली दाबायचं, ओढायचं नाही, म्हणजे कडा फाटत नाहीत.

या वड्या अजून पाण्याने भरलेल्या आहेत, हे विसरू नका. एका वडीत अर्धा मिली पाणी. सहा वड्या सहा मिली मीडियममध्ये टाकल्या तर तीन मिली पाणी त्यात मिसळतं आणि मीडियम एक तृतीयांशाने पातळ होतं. म्हणून वड्या भरपूर मीडियममध्ये भिजवा, काही तासांनी ते ओतून टाका, ताजं घाला आणि रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवा. हा प्रकार निबंधांच्या पद्धती-विभागात एका ओळीत उरकलेला असतो. मला त्याचं महत्त्व कळायला दोन खेपा गेल्या.

दुसऱ्या दिवशी १२ खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खणात एक वडी ठेवा आणि कडेने मीडियम सोडा, साधारण एक मिली. पातळी वडीच्या अर्ध्याहून थोडी वर, पण माथ्याच्या खाली हवी. वडीचा माथा ओला, चकचकीत दिसला पाहिजे, पण त्यावर पाणी साचलेलं नको. निरांजनात वात जशी तेल वर ओढते तशी ही वडी मीडियम वर ओढते, आणि तुकडा त्या ओलाव्यावर बसतो. कडेच्या रिकाम्या खणांत निर्जंतुक पाणी भरा म्हणजे बाष्पीभवन कमी होतं.

वृषण काढणं आणि तुकडे करणं

समितीने मंजूर केलेल्या पद्धतीनेच पिल्लाला मृत्यू द्या. नवजात पिल्लं प्राणवायूची कमतरता बराच वेळ सहन करतात, त्यामुळे नुसता कार्बन डायऑक्साइड त्यांच्यासाठी भरवशाचा नाही. ते तडफडत राहतात. हे काम अनुभवी माणसाकडून शिकल्याशिवाय करू नये, आणि शिकताना घाई करू नये.

पोट ७०% अल्कोहोलने पुसून मध्यरेषेवर छोटा छेद घ्या. या वयात वृषणं अंडकोषात उतरलेली नसतात. पोटाच्या तळाशी, मूत्राशयाच्या दोन बाजूंना सापडतात. वृषणाला चिकटलेल्या अधिवृषणाच्या बारीक पांढऱ्या दोऱ्याला चिमट्याने धरा, वृषणाला धरू नका, आणि अलगद उचलून बर्फावरच्या मीडियममध्ये टाका. मृत्यूपासून तुकडा वडीवर बसेपर्यंत तासाभरापेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. चार पिल्लं एकदम कापून ठेवण्यापेक्षा एक कापा, ते पूर्ण लावा, मग दुसरं घ्या.

आता सगळ्यात नाजूक काम. स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली दोन बारीक टोकाचे चिमटे घ्या. डाव्या चिमट्याने आवरणाची कड पकडा, उजव्याने तिथेच जरासं फाडा आणि आतला गर त्या फटीतून हळूच बाहेर सरकू द्या. आवरण डाव्या हातात राहिलं पाहिजे आणि गर एकसंध बाहेर आला पाहिजे. सराव नसेल तर मटणवाल्याकडून बोकडाचे कपुरे आणून त्यांवर दोन दिवस हात बसवा. आवरण किती जोर लावल्यावर फाटतं आणि गर किती मऊ असतो, याचा अंदाज बोटांना तिथे येतो. आकार पन्नास-शंभर पट मोठा असला तरी हाताची सवय तीच असते. ती ऊती संवर्धनासाठी मात्र वापरायची नाही.

बाहेर आलेला गर चिमट्याने ओढून-सोडवून चार ते आठ तुकड्यांत वेगळा करा. पात्याने कापलं तर नळ्या चिरडतात. चिमट्याने सोडवलं तर नळ्यांच्या मधली जोडऊती सुटते आणि नळ्या शाबूत राहतात. प्रत्येक तुकडा गोळा केल्यावर खसखशीच्या दाण्याएवढा, सुमारे एक मिलिमीटर हवा. मोठा ठेवण्याचा मोह होतो, पण मोठ्या तुकड्याचं आतलं सगळं मरतं आणि मेलेल्या ऊतीतून निघणारे पदार्थ भोवतालच्या जिवंत नळ्यांनाही त्रास देतात.

तुकडा पिपेटच्या रुंद टोकाने किंवा चिमट्याच्या वाकात घेऊन वडीच्या माथ्यावर ठेवा. एका वडीवर एक ते तीन तुकडे, एकमेकांना न चिकटणारे. तुकड्यासोबत थेंबभर मीडियम येतं, ते २० मायक्रोलिटरच्या पिपेटने शेजारून हळूच शोषून घ्या. थेंब राहिला तर तुकडा त्यात तरंगतो, घसरतो आणि वडीच्या कडेवरून खाली पडतो. पडलेला तुकडा बुडाला म्हणजे गेलाच.

३४ अंश आणि सहा आठवडे

इन्क्युबेटर ३४ अंश सेल्सियसवर, ५% कार्बन डायऑक्साइड, आर्द्रता पूर्ण. ३७ ची सवय असलेल्या प्रयोगशाळेत हा आकडा दारावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. अंडकोष शरीराबाहेर असतो तो उगीच नाही. तिथलं तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असतं आणि शुक्राणू बनण्याची प्रक्रिया त्या गारव्यावरच चालते. सामायिक इन्क्युबेटरमध्ये ३७ वर एक कोपरा मागून हे काम होत नाही. स्वतंत्र यंत्र लागतं.

मीडियम आठवड्यातून एकदा बदला, ठरलेल्या दिवशी. प्लेट तिरकी न करता खणाच्या कडेने जुनं काढा आणि कडेनेच नवं, आधी कोमट केलेलं, सोडा. तुकड्याला हात लावायचा नाही. दर वेळी एकाच मोठेपणाने फोटो काढा. सहा आठवड्यांनी सहा फोटो ओळीने लावले की जी गोष्ट दिसते ती रोज डोकावून दिसत नाही. उलट रोज दार उघडल्याने आर्द्रता जाते.

पाण्याचा ट्रे! एका दिवाळीत चार दिवस सुट्टी होती आणि ट्रे भरून ठेवायचा माझा राहिला. परत आले तेव्हा मीडियम निम्म्यावर उतरलं होतं आणि वड्यांचे माथे कोरडे, सुरकुतलेले. चौथ्या आठवड्यात हिरवे ठिपके दिसू लागलेले ते बारा खण, सगळे टाकून द्यावे लागले. तेव्हापासून सुट्टी असो वा नसो, सोमवार-गुरुवार ट्रे बघायचा हे ठरलेलं आहे. पावसाळ्यात त्रास उलट्या बाजूने येतो: कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर बुरशी हवेतच असते. प्लेटवर एक केसाळ ठिपका दिसला तर ती प्लेट वाचवायच्या भानगडीत पडू नका. सीलबंद करून बाहेर काढा आणि इन्क्युबेटर पुसून घ्या. नवी प्लेट शक्य तर ऑक्टोबरनंतर लावा.

आता काय दिसायला हवं ते सांगते. पहिल्या दोन-तीन दिवसांत तुकडा पसरट होतो आणि वडीला धरतो. आठवडाभरात कडेला नळ्या स्पष्ट होतात, ताटात सांडलेल्या शेवयांसारख्या. मध्यभाग हळूहळू अपारदर्शक, पिवळट होत जातो. तिथे प्राणवायू पोचत नाही आणि ऊती मरते. मध्यभाग मेला म्हणून प्रयोग फसला असं समजून प्लेट टाकून देणारे विद्यार्थी मी पाहिलेत. फसलेला नसतो. खरं काम त्या मृत मध्याच्या भोवतालच्या कड्यात चालतं. ॲक्र-जीएफपी उंदीर असतील तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्याच कड्यात हिरवी चमक दिसू लागते, आधी फिकट, मग ठळक.

जिवंत उंदरात आदिजनन पेशीपासून पॅकिटीनपर्यंत जन्मानंतर सुमारे १४ दिवस लागतात, गोल शुक्रपूर्व पेशी २० व्या दिवसाच्या आसपास दिसतात आणि पहिले शुक्राणू ३५ व्या दिवसाच्या सुमारास. प्लेटमध्ये हेच वेळापत्रक थोडं मागे पडून चालतं. म्हणून मी सहा आठवडे धरते. चौथ्या आठवड्याला घाई करून सगळे तुकडे फोडू नका. दोन-तीन फोडा, बाकीचे चालू द्या.

प्रत्येक नळी फळाला येत नाही. शरीरातल्या वृषणाच्या तुलनेत उत्पादन खूपच कमी असतं आणि एकाच पिल्लाच्या दोन तुकड्यांतही फरक पडतो. उत्पादन वाढवायचं असेल तर पीडीएमएस या प्राणवायू झिरपू देणाऱ्या सिलिकॉनचं पातळ झाकण तुकड्यावर ठेवण्याची युक्ती ओगावांच्या गटानेच पुढे आणली. झाकणाने तुकडा चपटा पसरतो, गोळा होत नाही, त्यामुळे मध्यभाग मरत नाही. त्याच गटाने २०१६ मध्ये सूक्ष्म नळ्यांच्या उपकरणात मीडियम सतत वाहतं ठेवून ऊतीचं काम सहा महिने चालू ठेवल्याचं दाखवलं. पण आधी साध्या वडीवर यश मिळवा.

खरंच शुक्राणू आहेत का, हे तपासणं

हिरवं चमकलं म्हणजे शुक्राणू झाला, असं नाही. ॲक्र-जीएफपी पॅकिटीनपासूनच चमकतं, आणि स्टाइनबर्गरांची गाडी अडली होती तीही पॅकिटीनलाच. शिवाय मरणाऱ्या ऊतीला स्वतःची एक पिवळट-हिरवी चमक असते. म्हणून तीन गोष्टी करा.

काही तुकडे बूआँच्या द्रावणात (ऊती आहे तशी टिकवणारं द्रावण) स्थिर करून पॅराफिनमध्ये छेद घ्या आणि पीएएस-हिमॅटॉक्सिलिनने रंगवा. ॲक्रोसोम गुलाबी टोपीसारखा दिसतो. दुसरे काही तुकडे एसवायसीपी३ प्रथिनाच्या प्रतिपिंडाने रंगवा, म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजनात जोडलेली गुणसूत्रं दोऱ्यांसारखी दिसतात. शेंगदाण्यापासून मिळणाऱ्या पीएनए लेक्टिनने ॲक्रोसोम रंगतो. सोबत तुलनेसाठी तीन नमुने हवेतच: त्याच पिल्लाच्या दुसऱ्या वृषणाचा पहिल्या दिवशीच स्थिर केलेला तुकडा, त्या वयाच्या जिवंत उंदराचं वृषण, आणि एफबीएसवर वाढवलेला तुकडा. एफबीएसवाला पॅकिटीनपाशी थांबला आणि केएसआरवाला पुढे गेला, तर तुमची पद्धत बरोबर चालली आहे.

शुक्राणू प्रत्यक्ष बघायला चमकणारी नळी चिमट्याने तोडून काचपट्टीवर एका थेंबात घ्या, दोन चिमट्यांनी हलकेच फाडा आणि वर कव्हर काच ठेवा. वळवळ शोधू नका. शुक्राणूला पोहायची ताकद अधिवृषणातल्या प्रवासात येते आणि तो प्रवास इथे झालेला नाही. शोधायचं ते डोकं: उंदराच्या शुक्राणूचं डोकं कोयत्याच्या पात्यासारखं एका बाजूला वळलेलं असतं. गोल पेशींच्या गर्दीत तो आकडा दिसला की डोळा चुकत नाही.

पोहत नसल्याने त्याला बीजांडापर्यंत पोचवावं लागतं, सूक्ष्म सुईने थेट बीजांडात सोडून. गोल शुक्रपूर्व पेशी वापरली तर बीजांडाला जागं करण्याचा संकेत तिच्यात नसतो, म्हणून स्ट्रॉन्शियमसारख्या रसायनाने ते वेगळं सक्रिय करावं लागतं. हे काम भ्रूणविज्ञानाच्या प्रयोगशाळेचं आहे आणि त्याची मंजुरीही वेगळी घ्यावी लागते.

ही पद्धत कुठवर पोचते

रॅटमध्ये हेच मीडियम, हीच वडी वापरून काम सरळ होत नाही. प्रत्येक जातीला वेगळी जुळवणी लागते. माणसाच्या बाबतीत, पूर्ण शुक्राणू बनवून दाखवणारी, कुणालाही पुन्हा करता येईल अशी पद्धत अजून हातात नाही. हे मी ठळकपणे सांगते कारण वंध्यत्वाने त्रासलेली जोडपी असे लेख वाचून आशेने फोन करतात. त्यांना खोटी आशा देणं पाप आहे.

तरी हे काम कुणासाठी चाललंय, ते मला रोज दिसतं. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मोठ्या पुरुषाला केमोथेरपीआधी वीर्य गोठवून ठेवता येतं. सात वर्षांच्या मुलाला ते शक्य नाही. त्याच्या वृषणात अजून शुक्राणूच नाहीत, अगदी आपल्या दोन दिवसांच्या पिल्लासारखे. जगात काही ठिकाणी अशा मुलांच्या वृषणाचा छोटा तुकडा गोठवून ठेवतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संशोधकांनी लहान माकडाच्या गोठवलेल्या वृषणाचे तुकडे त्याच माकडाच्या अंगात परत लावून शुक्राणू मिळवले आणि त्यातून ग्रेडी नावाची माकडीण जन्मली. पण रक्ताच्या कर्करोगात तुकडा परत लावणं धोक्याचं असतं, कारण त्यात रोगाच्या पेशी लपलेल्या असू शकतात. तिथे ऊती शरीराबाहेरच वाढवता आली तरच मार्ग निघेल.

म्हणून एक शेवटचं काम शिकून ठेवाच: गोठवणं. प्रत्येक खेपेतले दोन-तीन तुकडे डीएमएसओ (गोठताना पेशींना बर्फापासून वाचवणारं रसायन) घातलेल्या द्रावणात सावकाश थंड करत उणे ८० वर न्या, मग द्रव नायट्रोजनमध्ये. ओगावांच्या गटाने २०१४ मध्ये अशा गोठवलेल्या उंदराच्या तुकड्यांतूनही प्लेटवर शुक्राणू आणि त्यांपासून पिल्लं मिळवून दाखवली. वितळवताना नळी ३७ अंशांच्या पाण्यात धरा, बर्फाचा शेवटचा खडा विरघळतोय तोच बाहेर काढा, आणि डीएमएसओ धुऊन टाकायला ताजं मीडियम तीन वेळा बदला. वितळवलेला तुकडा पहिला आठवडा मरगळलेला दिसतो. त्याला फेकू नका, वहीत तारीख टाका आणि प्लेट परत ३४ अंशांत ठेवा.